उत्तरेच्या खिडकीतली बाटली

१

दवाखान्याच्या वहीत बाबांच्या नावापुढे आधी ‘पूर्ण’ असं लिहिलेलं होतं. त्यावर एक सरळ रेघ ओढून कुणीतरी लाल शाईने लिहिलं होतं, ‘सोडले’.

त्यांचं टीबीच्या औषधाचं कार्ड परत करायला मी गावच्या दवाखान्यात गेले होते. त्यांना जाऊन महिना होत आला होता. राजधानीत, मासेरूच्या ज्या शाळेत मी शिकवते तिला डिसेंबरची सुट्टी लागली होती, आणि घरात करण्यासारखी छोटी छोटी कामं मी एकेक करून उरकत होते. हे त्यातलं सगळ्यात छोटं काम होतं.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“मी,” सिस्टर लिनेओ म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. “मार्च ते ऑगस्ट औषध चाललं. ऑगस्टअखेर थुंकीची काच स्वच्छ आली, मी ‘पूर्ण’ लिहिलं. ऑक्टोबरात परत खोकला, परत ताप. नमुना पाठवला, तर काचेवर लाल काड्याच काड्या. सहा महिने रोज गोळ्या गिळलेल्या माणसाच्या छातीत दोन महिन्यांत इतके जंतू कुठून येतील, पुलेंग? आणि ज्या दुसऱ्या आजाराला सगळे भितात, त्याची तपासणी त्यांची स्वच्छ होती. मग उरतं काय? त्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत.”

“मामोसा मावशी रोज सकाळी गोळ्या घेऊन समोर उभी असायची.”

“असायची, असं ती म्हणते.”

त्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. वडील गोळ्या घेत नव्हते असं मी, त्यांची मुलगी, लिहून देते, असा मजकूर होता. खाली सहीची जागा.

“गुरुवारी गावच्या प्रमुखांच्या अंगणात हा विषय आहे,” त्या म्हणाल्या. “गावात बारा जण औषध घेऊन बरे झाले. दोघांचंच बिनसलं. एक तुझे वडील. दुसरा तुझा चुलतभाऊ मोखेले. त्याचा पाचवा महिना चाललाय आणि खोकला हटत नाही. दोघंही मामोसाच्या हाताखालचे. तू सही केलीस तर तिला काढून मोखेलेसाठी दुसरी बाई नेमता येईल. नाही केलीस आणि तोही गेला, तर ते तुझ्या माझ्या दोघींच्या माथी.”

सिस्टर वाईट बाई नव्हत्या. बाबांच्या अंत्यविधीला भर उन्हात उभ्या राहिल्या होत्या. म्हणूनच त्यांचं बोलणं झटकता येईना. शिवाय माझे बाबा लपवण्यात पटाईत होते. सीमेपलीकडच्या वेल्कमच्या सोन्याच्या खाणीतून घरी पाठवतील म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं आपला खोकला लपवला होता. पण औषध सुरू झाल्यावर दर सुट्टीला मी विचारायचे, ‘गोळी गिळली ना?’ आणि ते म्हणायचे, ‘गिळली, पोरी.’ ते माझ्याशी खोटं बोलले होते का, एवढंच मला कळायला हवं होतं. मामोसाचं आणि मोखेलेचं भवितव्यही त्याच उत्तरात अडकलं होतं.

फाटकाशी मामोसा मावशी उभी होती. घोंगडी पिनेने खांद्याला अडकवलेली, हातात तिचा तो गोळ्यांचा डबा.

“केलीस सही?”

“अजून नाही.”

“कर नाहीतर नको करू. पण मी रोज त्याच्या तोंडात टॉर्च मारून बघायचे. जीभ वर करून म्हणायचा, ‘बघ बाई, सोनं लपवलेलं नाही.’ खाणीच्या फाटकावर झडती घ्यायचे ना, तसं. एकसुद्धा सकाळ चुकवली नाही त्याने हा विनोद.”

“मग ते गेले कशाने, मावशी?”

तिने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

“तेच तर मला कुणी सांगत नाही,” ती म्हणाली.

२

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवतात. महिनाभर त्यांना कुणी हात लावायचा नाही, धुवायचेही नाहीत. मग ठरल्या दिवशी घरच्या बायका ते धुतात आणि नातलगांत वाटतात. वाटणी आत्याच्या हाती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने शनिवार ठरवला होता आणि धुण्याचं काम माझ्यावर टाकलं होतं.

“रडत रडत धुऊ नकोस,” ती म्हणाली. “साबण वाया जातो.”

मी अंगणात टब मांडला. दार उघडं होतं. दारामागच्या खिळ्याला बाबांची ती तार लटकत होती. गोळ्यांची पाकिटं रिकामी झाली की ते चपटी करून, भोक पाडून तारेत ओवायचे. माझ्या लहानपणी खाणीतून सुट्टीवर आले की ते आम्हाला पितळी बिल्ल्याची गोष्ट सांगत. खाली उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळ्यावर अडकवायचा आणि वर आलं की काढून घ्यायचा. पाळी संपल्यावर फळ्यावर एक जरी बिल्ला उरला, तरी कुणीतरी अजून खालीच आहे असं समजायचं. मग शोधायला माणसं परत उतरायची. तीच सवय त्यांनी गोळ्यांना लावली होती. सिस्टरना मी तारेबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘पाकीट जपून ठेवायचं आणि गोळी परसात फेकायची, हे मी दहा वेळा पाहिलंय.’ तेही खरंच होतं.

खिडकीत बाबांचं पिठाचं पातेलं अजून पालथं पडलेलं होतं. उत्तरेची खिडकी. आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो आणि जून-जुलैच्या हिवाळ्यात ऊन तिथूनच आत येतं, म्हणून पाव फुगायला ठेवायचा तो तिथे, आजारी कोंबडीचं पिल्लू ठेवायचं तेही तिथेच. एकदा त्यांनी मलाही तिथे बसवलं होतं, गोवर आला होता तेव्हा. दिवसभर समोर बसून नखाने सालं काढत मला सुकवलेले पीच भरवत होते.

गाठोड्यात सगळ्यात खाली पांढरी लोकरीची टोपी निघाली. मीच विणलेली. राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, जुलैच्या मध्यावर, मी ती आणली होती. थंडी हाडात शिरत होती त्या आठवड्यात. ‘डोक्यावर चर्चचा घुमट चढवलास की माझ्या,’ असं म्हणून त्यांनी ती घातली आणि झोपतानाही काढली नाही. ऑगस्टअखेर पीच फुलले तशी ती पेटीत गेली.

मी टोपी उलटी केली. आतून कपाळाच्या रेषेवर विटकरी रंगाची एक कड उमटली होती. गावची माती तांबडी, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. मी ती पाण्यात बुडवणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“थांब.”

रामाखुला काका होते. मिशन इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला माणूस. आता मधमाश्या पाळायचे आणि रोज संध्याकाळी बाबांशी मोराबाराबाचा डाव मांडायचे. त्या खेळात दगडांना गुरं म्हणतात. दोघं एकमेकांची गुरं मारायचे आणि एकमेकांना चोर म्हणायचे. ते आपले बारा दगड मागायला आले होते.

त्यांनी माझ्या हातातून टोपी घेतली, नाकाशी नेली, मग उन्हात धरली.

“हा तुझा बाप माझी सात गुरं घेऊन मेलाय,” ते म्हणाले. “पण ते राहू दे. ही टोपी त्याला कधी दिलीस? नीट आठवून सांग.”

“सतरा जुलैला.”

“आणि घालायचा कधीपर्यंत?”

“ऑगस्टअखेर. का?”

त्यांनी टोपी घडी घालून आपल्या कोटाच्या खिशात ठेवली.

“कारण हा मातीचा डाग नाही, पोरी. आता मला मोखेलेकडे घेऊन चल.”

३

मोखेले दादा बकऱ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर बसून पुदिना उकळत होता. बाबांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण खाणीतून घरी आला तेव्हा दोघं सारखेच म्हातारे दिसायचे.

“आलात झडती घ्यायला?” तो म्हणाला. “सिस्टर कालच येऊन गेल्या. माझ्या गादीखाली हात घालून पाहिलं बाईने. माझ्या बायकोनेही कधी इतकं प्रेमाने नाही चाचपलं.”

“सापडलं काही?” काकांनी विचारलं.

“एक मोजा. चार वर्षं शोधत होतो.”

तो हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत काका उकळत्या भांड्याकडे बघत राहिले.

“तू थेलेजानेला मुळ्या द्यायचास,” ते म्हणाले. थेलेजाने म्हणजे माझे बाबा.

“द्यायचो. गोळ्यांच्या बरोबर, गोळ्यांऐवजी नाही. आता ते माझ्यावर ढकलू नका, काका.”

“ढकलत नाही. लघवी कशी होते तुझी?”

मोखेले माझ्याकडे बघून गडबडला. “पोरीसमोर विचारता होय?”

“पोरगी तिशी ओलांडलेली मास्तरीण आहे. बोल.”

“लाल. संत्र्याच्या रसासारखी. त्या विटकरी गोळीने होते. पहिल्या दिवशी मी घाबरून मामोसाला हाक मारली, तर ती हसत सुटली.”

“आणि घाम?”

“तोही तसाच. उशी बघा माझी. बायको कटकट करते.”

काकांनी खिशावर हात ठेवला, टोपी होती तिथे. मला तेव्हा कळलं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बाबांच्या घामात तो रंग होता. शेवटच्या आठवड्यांतही ती विटकरी गोळी त्यांच्या पोटात जात होती. मी फाटकाकडे वळले.

“मग मी आत्ताच जाऊन सिस्टरना—”

“बस खाली,” काका म्हणाले. “टोपी दाखवलीस तर त्या विचारतील, गिळल्या तर मेला कशाने? त्याचं उत्तर आहे तुझ्याकडे? अर्धा डाव जिंकून घरी जायचं नसतं. तुझा बाप नेहमी तिथेच हरायचा.” मग मोखेलेकडे वळून म्हणाले, “तुम्ही दोघं एकाच खाणीत होतात ना?”

“पाच नंबरला. अकरा वर्षं. एकाच पाळीत, एकाच खोलीत. वर आल्यावर एकाच न्हाणीत. काय गरम पाणी होतं, काका. वाफच वाफ. थेलेजाने काका गाणं म्हणायचे तिथे, सगळे शिव्या घालायचे. घरी आल्यापासून तसं पाणी अंगावर पडलं नाही.”

“गावातले बाकीचे बारा आजारी? त्यांतला कुणी पाच नंबरला होता?”

मोखेलेने बोटांवर नावं घेतली. मेंढपाळ, दोन म्हाताऱ्या, शाळेचा शिपाई, दोघं कोळशाच्या खाणीतले, बाकीचे कधी खाणीत न उतरलेले.

“नाही,” तो म्हणाला. “पाच नंबरचे आम्ही दोघंच.”

काका उठले. “उद्या पहाटेची गाडी,” ते मला म्हणाले. “आणि ती तार घेऊन ये, बापाची.”

४

मिशन इस्पितळाची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. काकांची जुनी खुर्ची आता थाटो नावाच्या मुलीची होती. काकांना पाहताच ती उभी राहिली.

“बस. मी निवृत्त झालोय, मेलेलो नाही,” काका म्हणाले. “आमच्या हा-सेखाउ गावच्या थेलेजानेच्या बाटल्यांची वही काढ.”

थुंकीचा नमुना दोन तऱ्हेने पाहतात, एवढं मला त्या दिवशी समजलं. काचेवर रंग देऊन पाहिला की लगेच कळतं, जंतू आहेत की नाहीत. बाटलीत अन्नावर पेरला की काही आठवड्यांनी ते डोळ्यांना दिसतील असे वाढतात. तोपर्यंत बहुतेक सगळे काचेवरच निकाल लावून मोकळे झालेले असतात.

थाटोने वही उघडली आणि वाचून दाखवलं.

“मार्चचा नमुना, मेमध्ये वाचलेला. पांढरट, खरखरीत वाढ, कडेला पिवळे ठिपके. शेरा: दुसऱ्या कुणाचा नमुना मिसळला असावा. मेचा नमुना. फक्त पिवळी वाढ. शेरा: खराब. ऑगस्टचा नमुना. फक्त पिवळी. खराब.”

“आणि ऑक्टोबरचा?”

“पांढरट वाढ. टीबी.”

“पांढरट,” काका म्हणाले. “पिवळं काही नाही?”

“नाही. स्वच्छ पांढरट. म्हणून तर मी खात्रीने टीबी लिहिलं.”

काकांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात बाटल्या उबवायची पेटी घरघरत होती. समोर रुंद कट्ट्याची खिडकी, उत्तरेची.

“पेटी हिवाळ्यात दगा देते अजून?”

थाटो जरा ओशाळली. “देते. मे ते सप्टेंबर तर आतली ऊब टिकतच नाही. म्हणून मी... दिवसा बाटल्या तिथे ठेवायचे. खिडकीत. घरी आई पिठाचं पातेलं ठेवते तसं.”

“बोंबला,” काका म्हणाले, पण रागाने नाही.

मी खिडकीकडे पाहिलं. “म्हणजे उन्हाने बाटल्या खराब झाल्या? पिवळ्या पडल्या?”

“तसंच वाटतं, नाही?” काका म्हणाले. “थाटो, त्याच हिवाळ्यात त्याच खिडकीत आणखी किती जणांच्या बाटल्या होत्या?”

“चाळीसेक.”

“त्यांतल्या पिवळ्या किती?”

ती पानं उलटू लागली. बोट ओळींवरून खाली खाली जात होतं. मग तिचं बोट थांबलं.

“एकच,” ती म्हणाली. “ऑगस्टचा नमुना, सप्टेंबरात वाचलेला. पांढरट वाढ, कडेला पिवळे ठिपके. हा-सेखाउचाच.” तिने नाव वाचलं. “मोखेले.”

५

काका खुर्चीत बसले. जुन्या सवयीने त्यांचा हात सूक्ष्मदर्शकाच्या डोळा लावायच्या जागेकडे गेला आणि परत आला.

“मोखेलेची त्यानंतरची बाटली आहे?”

“ऑक्टोबरअखेरच्या नमुन्याची आहे. पेटीत. पांढरट वाढलीय.”

“आणि थेलेजानेची ऑक्टोबरची?”

“तीही आहे. फेकायची राहिलीय.”

ती हातमोजे घालून आत गेली आणि काचेच्या दारापलीकडे दोन बाटल्या धरून उभी राहिली. बाबांच्या छातीतून आलेलं काहीतरी त्या बाटलीत अजून जिवंत होतं. त्यांच्या हातची घोंगडी, त्यांचं पातेलं, त्यांची तार, हे सगळं मी या सुट्टीत हाताळत होते, पण त्यातलं काही जिवंत नव्हतं. मी त्या बाटलीकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

“तार दे,” काका म्हणाले.

त्यांनी तारेतून चार रिकामी पाकिटं सोडवली. त्यांची चंदेरी पाठ नखाने सोलून, गुळगुळीत करून थाटोकडे दिली. “दोन्ही बाटल्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला ही गुंडाळ. उजेड अजिबात जाता कामा नये. तिसरी बाटली दुसऱ्या कुणाची घे, पक्क्या टीबीची. तिलाही तसंच. तिन्ही खिडकीत ठेव, संध्याकाळी परत पेटीत. उद्या दुपारी बघू. आणि सिस्टर लिनेओंना निरोप धाड, की म्हातारा बोलावतोय. येताना मामोसाला आणि मोखेलेलाही घेऊन या म्हणावं.”

“काय होईल उद्या?” मी विचारलं.

“तीस वर्षांत मी हे दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा दिसलं तर सांगेन. नाही दिसलं तर तुला सही करावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण त्या काचेच्या दारापुढे उभे होतो. सिस्टर, मामोसा मावशी, मोखेले, काका आणि मी. सिस्टरनी हातातली नोंदवही छातीशी धरली होती. मामोसा त्यांच्यापासून चार हात दूर उभी होती.

“आधी टोपी,” काका म्हणाले आणि डाग दाखवून तारखा सांगितल्या. सिस्टरनी टोपी उजेडात धरली, उलटसुलट केली. घामाचा तो रंग त्यांना माझ्यापेक्षा चांगला ओळखता येत होता.

“बरं. ऑगस्टपर्यंत घेतल्या,” त्या हळू म्हणाल्या. “मग काचेवरच्या काड्या?”

“काचेवर दोन भाऊ सारखेच लाल दिसतात. तिथे त्यांना वेगळं ओळखता येत नाही. थाटो, कागद काढ.”

थाटोने चंदेरी कागद सोलले.

तिसरी बाटली होती तशीच पांढरट होती, वरून खालपर्यंत. मोखेलेची वरची अर्धी अंड्याच्या बलकासारखी पिवळी झाली होती आणि कागदाखालची अर्धी पांढरट, मध्ये अगदी रेघ मारल्यासारखी सीमा. बाबांची बाटली जुनी होती, तिचा पिवळा रंग फिका होता, पण रेघ तीच.

मोखेले काचेला नाक लावून बघत होता. “हे माझ्या आत आहे?” तो म्हणाला.

“तुझ्या आत दोन आहेत. होते, म्हणू,” काका म्हणाले. “एक टीबी. दुसरा त्याचा चुलतभाऊ समजा. अंधारात अगदी टीबीसारखा दिसतो. उजेड लागला की पिवळा होतो. माणसाकडून माणसाला लागत नाही, पाण्यात राहतो, नळांत, न्हाणीघरांत. आणि दगडाच्या धुळीने चरे पडलेली छाती त्याला फार आवडते.”

“पाच नंबरची न्हाणी,” मी म्हणाले.

“मला तसंच वाटतं. शपथेवर सांगणार नाही. आता वही आठवा. मार्चमध्ये थेलेजानेच्या बाटलीत पांढरं होतं आणि पिवळंही होतं. मेमध्ये नुसतं पिवळं. ऑगस्टमध्ये नुसतं पिवळं. मग पांढरं गेलं कुठे? गोळ्यांनी मारलं. गोळ्या गिळल्या नसत्या, तर टीबी तिथेच असता. तो नव्हता, हाच गिळल्याचा पुरावा. पण त्याच गोळ्यांनी दुसरा नुसता दबला, मेला नाही. ऑगस्टला काचेवर दिसण्याइतके उरले नव्हते, म्हणून तुम्ही ‘पूर्ण’ लिहिलंत. त्याला वर्षभर, कधी त्याहून जास्त औषध लागतं, आणि एखादं वेगळं जोडीला. आपण सहा महिन्यांनी थांबलो. तो परत वाढला.”

“आणि ऑक्टोबरात मी त्याला टीबी म्हणाले,” थाटो दारापलीकडून म्हणाली. “ऊन तापायला लागलं होतं, पेटी नीट चालत होती. बाटली अंधारातच राहिली.”

“हिवाळ्यात उजेडात ठेवलीस तेव्हा खरं दिसलं, आणि तू त्याला खराब म्हणालीस. उन्हाळ्यात अंधारात ठेवलीस तेव्हा सोंग दिसलं, आणि तू त्याला खरं म्हणालीस. तुला शिकवलं मी, तेव्हा अर्धं पाप माझं.”

सिस्टरनी नोंदवही उघडली. तीन वेळा प्रयोगशाळेतून आलेल्या चिठ्ठ्या आत टाचलेल्या होत्या. ‘नमुना मिसळलेला.’ ‘नमुना खराब.’ ‘नमुना खराब.’ सिस्टरनी एकेका चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

“मी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “एकाच माणसाचा नमुना तीन वेळा कसा बिघडतो, हे मी एकदाही विचारलं नाही.”

आता मामोसा मावशी पुढे आली आणि त्या पिवळ्या बाटलीकडे बोट करून तिने काकांना विचारलं, “हा मला तोंडात टॉर्च मारून दिसला असता?”

“नाही, बाई. कुणालाच नसता दिसला.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली.

६

गुरुवारी प्रमुखांच्या अंगणात फार वेळ लागला नाही. सिस्टर लिनेओंनी स्वतः उभं राहून सांगितलं, चूक कुणाची होती आणि कुणाची नव्हती. मग सगळ्यांसमोर वही उघडून लाल ‘सोडले’वर रेघ मारली. त्याखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि मला वाचायला दिल्या. ‘सर्व गोळ्या घेतल्या. दुसरा जंतू ओळखला गेला नाही.’ मी तो सहीचा कागद त्यांच्याकडे परत केला. त्यांनी तो घडी घालून वहीत ठेवला, फाडला नाही. मला ते आवडलं.

मोखेले दादाच्या बाटल्या राजधानीला गेल्या आणि तिथून सीमेपलीकडे मोठ्या प्रयोगशाळेत. महिन्याभराने उत्तर आलं. काकांचं म्हणणं खरं होतं. त्याला एक गोळी जादा मिळाली आणि सहाऐवजी अठरा महिन्यांची मुदत. ‘जन्मठेप,’ असं तो सगळ्यांना सांगत फिरला.

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी आत्याने कपडे वाटले. कोट धाकट्या काकांना, घोंगडी मोखेलेला, बूट कुणाच्याच पायात बसेनात म्हणून पाळीपाळीने सगळ्यांनी घालून पाहिले आणि हसलो. शेवटी टोपी उरली. रामाखुला काकांनी ती परत आणून दिली होती.

“ही धुतली नाहीस,” आत्या म्हणाली.

“नाही.”

तिने ती आतून पाहिली. मग अंगणाच्या कडेला परक्यांबरोबर बसलेल्या मामोसा मावशीला हाक मारली. नात्याबाहेर कपडा जात नाही. आत्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“घे,” ती म्हणाली. “आणि तू पण धुऊ नकोस.”

त्याला आता दोन वर्षं झाली. या सुट्टीत मी घरी होते, तेव्हा एका सकाळी मोखेले दादाकडे गेले. त्याच्या दारामागे तार लटकत होती, बाबांच्या तारेहून कितीतरी लांब, खाली जमिनीपर्यंत येऊन परत वर वळवलेली. मुदत कधीच संपली होती, खोकला गेला होता, बाटल्या स्वच्छ होत्या. तरी मामोसा मावशी सवयीने सकाळी फाटकाशी येते. टॉर्च तिच्या हातात नसते, चहाचा पेला असतो.

त्या दिवशीही ती आली. दादाने तिला पाहिलं, बाकावर बसल्या बसल्या मान मागे टाकली, तोंड आ वासून उघडलं आणि जीभ वर केली.

“बघ बाई,” तो म्हणाला, “सोनं लपवलेलं नाही.”

मावशीने वाकून नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

“गिळली, पोरी,” ती म्हणाली.